वाळूत दोर नसतो

२० जानेवारी २००२, रविवार. रुवैस, लेबर कॅम्प

सगळं बदललं तो क्षण मला मिनिटासकट माहीत आहे. शुक्रवार, ११ जानेवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. समिधानं खालून मला हात केला. लिव्याच्या वाळवंटातल्या त्या डोंगराएवढ्या वाळूच्या टेकाडाच्या पायथ्याशी ती उभी होती. एका हातात व्हिडिओ कॅमेरा, दुसरा हात डोक्याच्या वर, आणि तो हात ती माझ्यासाठी हलवत होती. तीन महिने जिनं माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं ती.

त्याच दिवशी दाजी गेले. ही वेगळी गोष्ट. दोन्ही एकाच दिवशी झाल्या, त्याला मी काय करू?

ही डायरी दाजींची. कंपनीनं फोरमन लोकांना वाटलेली. पहिल्या चार पानांवर त्यांच्या अक्षरात परांच्यांची मापं आहेत. पाचव्यापासून मी.

मी किसन मेंगाळ, वय एकवीस, ठाकर. अकोले तालुक्यात डोंगराच्या कुशीत आमची वाडी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. स्कॉलरशिपच्या खिडकीतला क्लार्क म्हणाला, "तुम्हा लोकांना फुकटचं पचतं कसं रे?" मी खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरली. कॉलेज तिथंच संपलं. मग दाजींनी इथं आखातात आणलं. दाजी म्हणजे रामेश्वर, माझ्या ठकुबाई आक्काचा नवरा. रिफायनरीत टाक्यांभोवती परांच्या बांधायच्या. उंचीची भीती आम्हाला नाही. कड्यावरची आग्या मोहोळं उतरवणाऱ्यांची पोरं आम्ही.

दिवाळीनंतर गवत वाळलं की वाडीतली सगळी पोरं फळीवर बसून उतारावरून घसरायची. उभं राहून घसरणारा एकच, दाजी. इथं लिव्याला कामावर गेलो असताना गोरे लोक रंगीत पाट्यांवर उभे राहून वाळू उतरताना दिसले. दाजी पाच मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "किसना, हे तर आपलंच हाय की." शटरिंगच्या काळ्या गुळगुळीत प्लायची पाटी कापली. टोक मेसच्या भाताच्या पातेल्यात उकळून वाकवलं. पायाला फाटक्या सेफ्टी बेल्टचे पट्टे, खाली मेणबत्ती घासलेली. तिसऱ्या शुक्रवारी त्या गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गोऱ्यांना घेऊन येणाऱ्या अबुधाबीच्या क्लबचे मालक सतीशसाहेब स्वतः चालत आले आणि मराठीत बोलले. समिधा त्यांची मुलगी.

त्या दिवशी माझं काम झेंड्याचं होतं. जीप टेकाडाच्या मागून माणसांना माथ्यावर आणते आणि पुढच्या उतारानं खाली जाते. चढताना ड्रायव्हरला फक्त आकाश दिसतं. म्हणून माथ्यावर एक माणूस. झेंडा स्थिर वर म्हणजे उतारावर कोणीतरी आहे, थांबा. हलवला की या.

क्लबच्या ड्रायव्हरची, हमीदची जीप आली. दाजी उतारावरच होते.

पोलिसांनी विचारलं, झेंडा वर होता? मी म्हणालो, वर होता. हमीदला घेऊन गेले.

२१ जानेवारी

दाजींची वरची खाट अजून कोणाला दिलेली नाही. गादी मधोमध दबलेली आहे. बाबाजी म्हणतो, जुन्या गादीचा कापूस असाच बसतो. बाबाजी आमच्या मेसचा आचारी, सावंतवाडीचा. त्याला सगळ्याचं कारण माहीत असतं.

२५ जानेवारी, शुक्रवार

आक्काचा फोन. दर शुक्रवारी सकाळी ती डोंगर उतरून राजूरच्या बूथवर येते आणि मी इथून लावतो. आज पहिल्यांदा ती रडली नाही.

"किसना, दगड बसवायचाय."

"बसवा की."

"तुला इचारल्याबिगर कसा बसंल? दोर कुणाच्या हातात व्हता त्ये सांगाया नको?"

आमच्यात कड्यावर उतरणाऱ्याचा दोर मेव्हण्यानं धरायचा. सख्ख्या भावानंसुद्धा नाही. भावाच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही, पण आपल्याच बहिणीचं कुंकू पुसावं असं कोणाला वाटेल? दोर धरणारा कड्याकडे पाठ करून बसतो. खाली बघायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, सगळं हाताला कळतं. आणि माणूस गेलाच, तर वीराचा दगड बसवण्याआधी चार माणसांत तीनदा विचारतात, दोर कुणाच्या हातात होता? त्यानं म्हणायचं, माझ्या. शिक्षा काही नाही. तेवढं म्हटलं की गेलेला माणूस कडा चढून परत येत नाही.

मी म्हणालो, "आक्का, हे वाळवंट आहे. वाळूत दोर नसतो."

"मंग काय व्हतं तुझ्या हातात?"

मी फोन ठेवला. आपटलाच म्हणा ना.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

सतीशसाहेब चक्क कॅम्पमध्ये आले. पांढरी लँड क्रूझर, नवीन ड्रायव्हर. आणि समिधा! सगळे बनियनवरचे लोक दाराआड पळाले.

साहेब म्हणाले, "किसन, रामेश्वर इज गॉन. पण त्याचं ड्रीम? बावीस मार्चला स्पर्धा आहे. जिंकणारा जुलैमध्ये जर्मनीला. आणि तिथून, लक्षात ठेव, बर्फावर. ऑस्ट्रियाच्या क्लबशी बोललोय मी. पहिला आदिवासी स्नोबोर्डर! पेपरवाले वेडे होतील."

"मी दाजींसारखा नाही साहेब."

"होशील. इन्शाल्ला." मग खांद्यावर हात ठेवून हळूच, "आणि पोलिसांना जे सांगितलंस ना, ते अगदी करेक्ट आहे. कोणी परत विचारलं तर तेवढंच. कॉम्प्लिकेट नाही करायचं."

मोठा माणूस. माझी किती काळजी करतो.

समिधा गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून म्हणाली, "तू झोपतोस का नीट?" तीन महिन्यांत पहिलं वाक्य! मी म्हणालो, झोपतो. ती म्हणाली, "ओके," आणि काच वर.

झोपतोस का! असं कोण कोणाला विचारतं?

८ फेब्रुवारी, शुक्रवार. लिवा

जीप आता फिरून मागूनच खाली जाते. झेंडा बंद. उतार रिकामा, मी एकटा.

पाच वेळा उतरलो. समिधा नेमकी त्याच जागी उभी होती, कॅमेरा डोळ्याला. पहिल्या चार वेळा पडलो. पाचव्यांदा निम्म्यावर आलो आणि मागून आवाज आला, टक्. टक्. बेल्टच्या बकलाचा. दाजी पट्टा लावला की खात्रीसाठी दुसऱ्यांदा दाबायचे. मी मागे बघितलं नाही, गुडघे वाकवले आणि सुटलो. इतका वेग आयुष्यात अनुभवला नव्हता.

खाली येऊन वर बघितलं तर वाळूत दोन रेघा. एक माझी, खालपर्यंत. दुसरी निम्म्यावर थांबलेली.

"सकाळी दुसरं कोणी उतरलं होतं?" मी विचारलं.

समिधानं कॅमेरा खाली घेतला. "नो. का?"

"काही नाही. वारा असेल."

तिनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की माझे कान तापले.

९ फेब्रुवारी

बाबाजीनं ताटं वाढताना एक जास्त मांडलं. चूक झाली म्हणाला. मी ते ताट दाराबाहेर भिरकावलं. दिवसभर कोणी माझ्याशी बोललं नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

एकवीस सेकंद. दाजींचे तेवीस होते.

आता ते बकल दर खेपेला वाजतं. मी त्याच्यापासून पळतो, म्हणून वेग येतो, हे कोणाला सांगायचं? पेपरात फोटो आला. लिहिलंय, मधमाश्यांच्या कड्यावरून वाळवंटात आलेला आदिवासी मुलगा, याला भीती माहीत नाही.

समिधानं आज पाण्याची बाटली दिली. म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी, अगदी त्या वेळी, तू वरून काय बघत होतास?"

तुलाच, असं ओठांवर आलं होतं. मी फक्त हसलो. ती हसली नाही. लाजली असेल.

२४ फेब्रुवारी. अबुधाबी

बकरी ईदची सुट्टी. साहेबांच्या घरी जेवायला. बारावा मजला, खिडकीतून समुद्र. हेमाकाकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या आणि "अजून एक घे, तू आमचाच" असं तीनदा म्हणाल्या. पायाखालचा गालिचा इतका मऊ होता की पाऊल बुडेल असं वाटून मी टाचा उचलून बसलो.

जेवणानंतर समिधानं टीव्हीवर टेप लावली. दाजी! पिवळी टोपी, काळी पाटी, गुडघे वाकलेले, तोंड उघडं. ते कायम तोंड उघडं ठेवून घसरायचे, वाळू खात. मला हसू आलं.

मग ते निम्म्यावर थांबले. खाली बसले, पायाचा पट्टा चाचपू लागले.

साहेबांनी रिमोट घेतला आणि बंद केलं. "इनफ. सणाच्या दिवशी कशाला?"

"पप्पा, लेट हिम सी इट."

"समू, आय सेड इनफ."

माझ्या मनाला त्रास होऊ नये म्हणून बिचाऱ्यांनी बंद केलं. पण दाजी थांबले होते हे मला माहीत नव्हतं. मी वरून ते बघितलंच नव्हतं. मला वाटलं होतं ते खाली पोचले.

हे वाक्य मी का लिहिलं?

३ मार्च, रविवार

बाबाजी बिदा झायेदच्या तुरुंगात हमीदला भेटून आला. हमीद आधी आमच्या कॅम्पला पाण्याचा टँकर आणायचा. बाबाजीच्या हातचा रस्सा त्याला आवडायचा, म्हणून डबा घेऊन गेला होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"तो म्हणालो, बाबाजी, कुलसुम को बोलना मैं अच्छा हूँ. ती त्याची बायल, पेशावराक. तिका अजून ठाऊक नाय."

"आणि?"

"आणि तो म्हणालो, झंडा हिला था. खुदा कसम, हिला था."

"खोटं बोलतो!"

"झिला, मी काय बोललंय? तो बोलता तां सांगतंय."

"तुला माझ्यापेक्षा तो जवळचा?" मी त्याची बंडी धरली. त्याच्या हातात पीठ होतं. त्यानं माझे हात काढले नाहीत, तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "सोडलंस काय मी चपाती लाटतंय."

सोडलं. बंडीवर माझ्या बोटांचे डाग नव्हते, पण माझ्या हातांवर त्याचं पीठ होतं. तीनदा धुतले.

८ मार्च, शुक्रवार

आक्का म्हणाली, "ते उंबऱ्यापाशी येत्यात आन् उभं ऱ्हात्यात. आत या म्हणलं तर येत न्हाईत. पाय वाळूनं भरल्यात. मी रोज अंगण झाडते, किसना. रोज वाळू निघती."

आमच्याकडे लाल माती. वाळू नदीतसुद्धा नाही.

"आक्का, तुला भास होतात."

"व्हत आसत्याल. तुला न्हाई व्हत?"

दहा दिरहमचं कार्ड संपेपर्यंत दोघं गप्प. कार्ड संपलं तेव्हा बरं वाटलं.

१५ मार्च, शुक्रवार. लिवा

आज मुद्दाम माथ्यावर गेलो, पाटी न घेता. त्या जागी उभा राहिलो. दुपारी चार वाजून वीस मिनिटं. खाली समिधा, बोटाएवढी. मी हात वर करून हलवला, जसा तिनं केला होता. तिनं परत हात केला नाही.

मग आठवायचा प्रयत्न केला. माणूस प्रेमानं हात करतो तेव्हा कसा करतो? असा, मनगटातून. तिनं तसा केला नव्हता. तिचा अख्खा हात खांद्यापासून खालीवर होत होता. आणि ती उड्या मारत होती. मला तेव्हा वाटलं, केवढी खूश आहे.

आणि मी? मी काय केलं तिला बघून?

मला ताप आहे. पुढचं उद्या लिहीन.

१६ मार्च

लिहिलं नाही.

२२ मार्च, शुक्रवार. लिवा

जिंकलो.

एकोणीस सेकंद. दक्षिण आफ्रिकेचा एक, दोन जर्मन, एक लेबनीज, सगळे मागे. निम्म्यावर ती जागा येते. आज तिथं ते बसले होते, पाठमोरे, पट्ट्याशी खटपट करत. पाटी वळवायला जागा नव्हती. मी डोळे मिटले आणि त्यांच्यातून गेलो. काहीच लागलं नाही. थंड लागलं फक्त, विहिरीत उतरल्यासारखं.

गळ्यात मेडल, साहेब मिठी मारतायत, "हबीबी, जर्मनी!" फोटोवाला म्हणतोय स्माईल. सकाळी आक्काला फोन करायचा राहिला. राहिला म्हणजे केला नाही. ती बूथवर बसून असणार. डोंगर उतरून दोन तास, चढून तीन.

उद्या साहेबांकडे पार्टी आहे. मी समिधाला सांगणार आहे. दोन्ही गोष्टी.

२३ मार्च, शनिवार. अबुधाबी, बस स्टँड

बिदा झायेदची बस सव्वा तासानं आहे. तोवर लिहून टाकतो.

इथल्या बूथवरून बाबाजीला मेसच्या फोनवर गाठलं. म्हणालो, पुढच्या शुक्रवारी मी नसेन, तू राजूरचा नंबर लाव. ठकुबाईला सांग, किसन म्हणाला, माझ्या हातात होता. तीनदा सांग. बाबाजीनं कधी नव्हे ते कारण विचारलं नाही. म्हणाला, "तीनदा. बरां. जेवलंस?"

पार्टीला पंधरा-वीस माणसं होती. साहेबांनी ग्लास वाजवून भाषण केलं. माझे आजोबा धनुष्यबाण घेऊन फिरायचे म्हणे. माझे आजोबा शाळेत शिपाई होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग पाहुणे बाल्कनीत गेले. मी समिधाला म्हणालो, "ती टेप लाव. पूर्ण."

"आर यू शुअर?"

"लाव."

दाजी थांबले, बसले, पट्टा चाचपू लागले. इथपर्यंत बघितलं होतं. मग चित्र हलायला लागलं. वाऱ्याचा आवाज आणि त्यात समिधाचं ओरडणं, "किसन, नो! थांब! तो बसलाय! नो, नो, नो!" तिचा हात मधेच कॅमेऱ्यासमोर येत होता, वरून खाली, वरून खाली. आणि अगदी वर, माथ्यावर, काडीएवढा एक माणूस. स्थिर झेंडा धरून. तो खाली बघतो. मग झेंडा हलवायला लागतो, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आनंदानं. लग्नाच्या वरातीत नाचणारा हलवतो तसा.

मग जीप.

समिधानं बंद केलं नाही. मीही बंद कर म्हणालो नाही. टेप संपून पडदा निळा झाला.

"मी दोनशे वेळा बघितलंय," ती म्हणाली. आता इंग्रजी नव्हतं तिच्या बोलण्यात. "दर शुक्रवारी मी तुझीच वाट बघत होते, किसन."

या वाक्यासाठी मी दोन महिने जगलो होतो. याच शब्दांसाठी.

"तू कधी बोलतोस, म्हणून," ती म्हणाली. "मी स्वतः जाणार होते पोलिसांकडे. पप्पा म्हणाले, क्लब बंद होईल, मी आत जाईन, आईला बघ. मी आईकडे बघितलं. मी पण तुझ्यासारखीच."

साहेब दारात होते. किती वेळ, माहीत नाही. पुढे येऊन त्यांनी प्लेअरचं बटण दाबलं, टेप बाहेर आली.

"ही मी कधीच पुसायला सांगितली होती हिला. किसन, बस. ऐक. तू मुद्दाम केलंस का? नाही ना? अ‍ॅक्सिडेंट आहे. एकाच उतारावर जीप आणि बोर्ड, ती माझी चूक, मान्य. पण आता झालं ते झालं, खलास. हमीदचं करू काहीतरी. सणाला माफी देऊन सोडतात लोकांना. जुलैत तू जर्मनीत असशील, डोन्ट थ्रो इट अवे."

"साहेब, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

त्यांनी बाल्कनीतल्या पाहुण्यांकडे बघितलं.

"कॅम्पवर आलात, तेव्हा पण?"

"मी तुझं भलं बघितलं."

एरवी मी कॉलर धरली असती. हात उठलाच नाही. मला एवढंच दिसत होतं की कड्याकडे पाठ करून बसायचं सोडून मी खाली बघितलं. दाजींकडे नाही. आक्काच्या नवऱ्याचा जीव माझ्या हातात आणि मी एका पोरीला खूश होऊन झेंडा दाखवत होतो. तिचा त्यात काही दोष नाही. साहेबांचा आहे, पण तो त्यांचा. माझा माझ्याकडे.

"टेप द्या," मी म्हणालो.

"कशाला?"

"बिदा झायेदला."

"आत टाकतील तुला. किती वर्षं, कोणी सांगू शकत नाही. अरबी येतं तुला? कोण येणार तुझ्या मागे?"

"पप्पा, द्या त्याला," समिधा म्हणाली.

त्यांनी दिली नाही. तिनं त्यांच्या हातातून काढून घेतली, अगदी सावकाश, लहान मुलाच्या हातातून सुरी काढतात तशी, आणि माझ्या हातात ठेवली. तिची बोटं बर्फासारखी होती. मी मेडल काढून टीव्हीवर ठेवलं.

हेमाकाकू बाल्कनीतून आत आल्या, हातात बशी. "अरे, निघालास? गोड तरी खाऊन जा."

"नको काकू."

बूट घालायला खाली वाकलो. नाडी बांधायला नेहमीपेक्षा वेळ लागला. मागे सगळे उभे होते. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.